बोट सुटण्याआधीचा मुक्काम

मंगळवार : सोलापूर ते मुंबई

अलास्काच्या सहलीचा सगळा बेत कॅलगरीला राहणाऱ्या लेकीने आखला होता. त्यातली एकच गोष्ट आमच्या ह्यांना शेवटपर्यंत पटत नव्हती, ती म्हणजे बोट सुटण्याच्या आदल्या रात्रीचा बंदरावरच्या हॉटेलातला मुक्काम. दिल्लीहून निघालेले विमान व्हँकुव्हरला सकाळीच उतरते आणि बोट दुपारी उशिरा सुटते, तेव्हा मध्ये मोकळे सात-आठ तास असताना एका रात्रीसाठी एवढे भाडे मोजायचे कशाला, असा त्यांचा हिशेब होता. एका रात्रीच्या त्या पैशात पंढरपूरच्या भक्तनिवासात सगळ्या घराण्याची आषाढी होईल, असेही त्यांनी एकदा ऐकवले. लेक फोनवर शांतपणे म्हणाली, "आई, बाबांना सांग, गाडी चुकली तर दुसरी गाडी मिळते. बोट चुकली तर तिच्यामागून पुढच्या बंदराला स्वतःच्या खर्चाने विमानाने जावे लागते." ह्यांची सगळी नोकरी वीज मंडळात गेली. ऐन वेळी काय काय बिघडू शकते याचा त्यांच्याइतका अनुभव फार थोड्यांना असेल, आणि त्यामुळेच की काय, त्यावर त्यांनी पुढे वाद घातला नाही.

सकाळी सहाच्या सुमारास सुटणारी वंदे भारत आम्ही पकडली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ही गाडी सुरू झाल्यापासून सोलापूरकरांना सकाळी निघून दुपारी मुंबईत पोहोचता येते. पूर्वी सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्रभराचा प्रवास करून पहाटे मुंबईत उतरायचे आणि संध्याकाळच्या विमानापर्यंत कोणाच्या तरी घरी जाऊन पडायचे, असा रिवाज होता. मृग लागला होता, पण आमच्याकडे पावसाचा पत्ता नव्हता. कुर्डुवाडीपर्यंत दोन्ही बाजूंनी नांगरून ठेवलेली काळी राने आभाळाची वाट पाहत पडली होती. लोणावळ्याच्या पुढे गाडी घाटात शिरली आणि खिडकीची काच पावसाने एकदम पांढरी झाली.

मुंबईचा उरलेला दिवस, दिल्लीपर्यंतचे विमान आणि तिथल्या विमानतळावर जागून काढलेली रात्र यांत सांगण्यासारखे काही नाही. दोन्ही मोठ्या बॅगांच्या मुठींना मी जुन्या इरकली लुगड्याच्या काठाची एकेक पट्टी बांधली होती, एवढे मात्र नोंदवून ठेवते. सगळ्या जगाच्या बॅगा काळ्या किंवा निळ्या असतात, आणि फिरत्या पट्ट्यावर आपली बॅग ओळखण्याचा याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

बुधवार : व्हँकुव्हर

दिल्लीहून बुधवारी पहाटे निघून, चौदा-एक तास विमानात बसून, व्हँकुव्हरला उतरलो तेव्हा तिथे बुधवारचीच सकाळ होती. उन्हाळ्यात व्हँकुव्हर आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते. त्यामुळे हातातले घड्याळ लावताना काट्यांची जागा फारशी हलत नाही आणि शरीर मात्र दिवसाची रात्र झाल्याने पार गोंधळून जाते. खाण्याचे पदार्थ जवळ असल्याचे आम्ही तपासणीच्या वेळी सांगितले. शेंगाचटणीचा आणि कडक भाकऱ्यांचा डबा तिथल्या अधिकाऱ्याने उघडून पाहिला आणि सोडून दिला.

आगमनाच्या दालनात मस्क्विम लोकांच्या कलाकारांनी घडवलेल्या देवदारी लाकडाच्या उंच स्वागतमूर्ती उभ्या आहेत आणि जवळच लोकरीची मोठमोठी हातविणीची वस्त्रे टांगलेली आहेत. हे शहर ज्या भूमीवर वसले तिच्या मूळ रहिवाशांपैकी हे लोक. मूर्तींपुढे बरेच प्रवासी फोटो काढत होते. आम्ही थांबलो ते विणकामापाशी. चादरी आणि टॉवेलांच्या गावचा माणूस विणलेल्या वस्तूजवळून सरळ निघून जाऊ शकत नाही. तो मागची बाजू दिसते का ते पाहतो, काठ कसा बंद केला आहे ते पाहतो. हे तर जवळजवळ नाक लावून उभे होते. शेवटी मीच त्यांना हाताला धरून पुढे नेले.

विमानतळावरून शहरात जाणारी कॅनडा लाइन ही रेल्वे २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकच्या आदल्या वर्षी सुरू झाली. तिला चालक नसतो. सगळ्यात पुढच्या आसनावर बसले की समोरचे रूळ आणि बोगदा थेट दिसतात, आणि ती जागा मिळाल्याचा आनंद ह्यांना लहान मुलाइतका झाला. पंचवीस-एक मिनिटांत शेवटचे 'वॉटरफ्रंट' स्थानक आले. ही कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेची १९१४ मध्ये बांधलेली, खांबांची रांग असलेली विटांची जुनी इमारत आहे. तिच्यातून बाहेर पडून पाच मिनिटे चालले की समोर समुद्रात घुसलेला लांबच लांब धक्का आणि त्याच्यावर उभारलेली पाच पांढरी शिडे दिसतात. ते कॅनडा प्लेस. १९८६ च्या जागतिक प्रदर्शनासाठी, म्हणजे 'एक्स्पो ८६' साठी, कॅनडाचे दालन म्हणून ते बांधले गेले. ही शिडे कापडाची वाटली तरी टेफ्लॉनचा लेप दिलेल्या काचतंतूंची आहेत. खाली जहाजे लागण्याचा धक्का, त्याच्यावर सभागृहे आणि त्यांच्याही वर हॉटेल, अशी रचना एकाच इमारतीत आहे. दुसऱ्या दिवशी बोटीवर चढण्यासाठी आम्हाला रस्तासुद्धा ओलांडावा लागणार नव्हता.

लिफ्टने वर गेलो तर स्वागतकक्षात बॅगांचे डोंगर लागलेले होते आणि त्यांच्याभोवती आमच्यासारखीच पांढऱ्या केसांची, पायांत नवे बूट घातलेली जोडपी हिंडत होती. क्रूझच्या आदल्या दिवशी बंदरावरच्या हॉटेलात उतरणाऱ्यांची एक स्वतंत्र जातच असावी. कोणी कोणाला ओळखत नसते, तरी 'तुमची बोट कोणती' या प्रश्नावर लगेच गप्पा सुरू होतात. खोली दुपारनंतरच मिळणार होती. त्याची कल्पना लेकीने आधीच दिली होती, म्हणून बॅगा तिथल्या माणसाच्या हवाली केल्या, पावत्या घेतल्या आणि बाहेर पडलो. आमच्यासारख्यांना माझे सांगणे आहे की अशा वेळी झोप कितीही येत असली तरी उन्हात चालत राहावे. सोफ्यावर एकदा डोळा लागला की पुढच्या तीन रात्री वाया जातात.

धक्क्याच्या कडेने चालत असतानाच दुपारचे बारा वाजले आणि अचानक डोक्यावर प्रचंड भोंगा झाला. एक नव्हे, चार सुरांत. 'ओ कॅनडा' या राष्ट्रगीताचे पहिले चार सूर रोज दुपारी बाराला इथल्या भोंग्यांतून वाजवतात. कॅनडाच्या शंभरीच्या निमित्ताने १९६७ मध्ये हे भोंगे शहरात बसवले गेले आणि नंतर या धक्क्यावर आणले गेले. बाकीचे प्रवासी दचकून हसले. ह्यांचा हात मात्र सवयीने मनगटी घड्याळाकडे गेला. जुन्या मिलपासून लक्ष्मी-विष्णूपर्यंतच्या गिरण्या ज्या सोलापुरात चालू होत्या, त्या सोलापुरात ज्यांचे बालपण गेले त्यांना भोंग्यावर घड्याळ लावणे कोणी शिकवावे लागत नाही.

तिथून पश्चिमेकडे समुद्राच्या कडेने पायवाट जाते. आधी २०१० च्या ऑलिंपिकची ज्योत जिथे पेटवली ते काचेचे आणि पोलादाचे उंच अग्निपात्र लागते. त्याच्यामागे अधिवेशन केंद्राची नवी इमारत आहे आणि तिच्या छपरावर तब्बल सहा एकर गवताळ रान वाढवलेले आहे. छपरावर सहा एकर! आमच्याकडे जिरायत सहा एकरांवर दोन भावांचे संसार चालतात. आणखी पुढे गेल्यावर कोल हार्बरच्या काठावरच्या बागेत आम्हाला जे पाहायचे होते ते सापडले : 'कोमागाता मारू'चे स्मारक.

या जहाजाचे नाव शाळेत गदर चळवळीच्या धड्यात शिकवलेले असते, पण ते थांबले होते ते पाणी इतके जवळ, शहराच्या इतके नजरेसमोर असेल अशी माझी कल्पना नव्हती. गुरदित सिंग यांनी भाड्याने घेतलेले हे जहाज २३ मे १९१४ रोजी ३७६ हिंदी प्रवाशांना घेऊन याच खाडीत आले. त्यांतले बहुसंख्य शीख होते, थोडे मुसलमान आणि थोडे हिंदू होते. हिंदुस्थान त्या वेळी ब्रिटिश साम्राज्यात होता आणि कॅनडाही. मग साम्राज्याच्या एका प्रजेला दुसऱ्या भागात उतरायला बंदी कशी करायची? त्यासाठी कॅनडाने १९०८ मध्ये एक नियम केला होता. येणाऱ्याने आपल्या देशातून निघून वाटेत न थांबता, एकाच सलग प्रवासात आले पाहिजे. हिंदुस्थानातून अशी थेट बोटच नव्हती, म्हणजे नियमात कुठल्याही देशाचे नाव न घेता दार बंद झाले. मोजके प्रवासी सोडले तर कोणालाही उतरू दिले नाही. दोन महिने ते लोक समोरचे शहर बघत, अन्नपाण्यासाठी भांडत जहाजावर राहिले आणि २३ जुलैला युद्धनौकेच्या पहाऱ्यात त्यांना परत पाठवण्यात आले. पुढे सप्टेंबरात कलकत्त्याजवळ बजबज येथे पोलिसांनी केलेल्या गोळीबारात त्यांतले अनेक जण मारले गेले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत याबद्दल माफी मागितली ती मे २०१६ मध्ये, म्हणजे तब्बल १०२ वर्षांनी.

स्मारकावर प्रवाशांची नावे कोरलेली आहेत. मी काही नावे मोठ्याने वाचली. जवळच्या बाकावर बसलेले एक वयस्कर सरदारजी उठून आले, कुठून आलात असे हिंदीत विचारून, 'शोलापूर की चादर' एवढे म्हणून हसले आणि मग तेही आमच्याबरोबर नावे वाचत उभे राहिले. आमच्या पासपोर्टात कॅनडाचा आणि अमेरिकेचा असे दोन्ही व्हिसा होते, त्या रात्रीच्या खोलीची पावती होती आणि ती खोली त्याच पाण्यावर उघडत होती. हॉटेलच्या खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्याचे पैसे आम्ही मोजले होते; या माणसांना तो देखावा दोन महिने फुकट बघावा लागला होता.

तीननंतर खोली मिळाली. तिचे वर्णन करायचे तर पलंग, दोन खुर्च्या, चहाची किटली आणि उरलेली सगळी भिंत काचेची. बाकी सामान कोणत्याही चांगल्या हॉटेलात असते तसेच होते. भाडे होते ते त्या काचेचे. समोर बरार्ड इनलेट ही खाडी, पलीकडे उत्तर व्हँकुव्हरची वस्ती, तिच्यामागे जूनमध्येही माथ्यावर बर्फ राखून असलेले डोंगर आणि त्यांत शेजारी शेजारी बसलेली 'लायन्स' नावाची दोन सुळकेदार शिखरे. दर काही मिनिटांनी पाण्यावर उतरणारी छोटी विमाने येत. शेपटीकडून किंचित बसकण मारून ती पाण्याला टेकत, दोन पांढऱ्या रेघा ओढत आणि रिक्षासारखी वळून धक्क्याला लागत. सीबस नावाची प्रवासी होडी १९७७ पासून या दोन काठांमध्ये ये-जा करते आणि बारा मिनिटांत पलीकडे पोहोचते. तिच्या फेऱ्या मोजत मी चहा घेतला.

पलीकडच्या काठावर एक झगझगीत पिवळा ढीग दिसत होता. मला वाटले मक्याचा असेल. ह्यांनी दुर्बीण लावली आणि गंधक असल्याचे सांगितले. अल्बर्टा प्रांतात नैसर्गिक वायू शुद्ध करताना गंधक वेगळे निघते. ते मालगाड्यांनी इथे येते आणि खतांच्या कारखान्यांसाठी जहाजांत भरून परदेशी जाते. इतक्या देखण्या शहराने आपल्या तोंडासमोर गंधकाचा उघडा ढीग ठेवावा आणि त्याची लाज बाळगू नये, हे मला आवडले. हे बंदर पाहुण्यांसाठी सजवून ठेवलेले नाही, ते रोजच्या कामात आहे. पाण्यावरच्या हॉटेलातली खोली घ्यायची तर अशाच कामाच्या बंदरावर घ्यावी. नुसते निळे पाणी अर्ध्या तासात पाहून होते.

पाण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, आणि उजनी शंभर टक्के भरले तरी त्यात फरक पडतो असे नाही. त्यामुळे न्हाणीघरात टब दिसल्यावर हे मला म्हणाले, "हा भरून ठेवायचा का?" चेष्टाच होती, पण अगदीच चेष्टाही नव्हती.

संध्याकाळचे जेवण हॉटेलच्या भोजनगृहात न घेता आम्ही बाहेरून भाजलेल्या भाज्या, दही आणि फळे आणली आणि खिडकीपाशी बसून कडक भाकरी मोडली. भाकरीचा तुकडा दह्यात बुडवून ठेवला, वर चटणी भुरभुरली, आणि तो मऊ होईपर्यंत समोर चाललेल्या गाडीच्या डब्यांची रांग पाहिली. आठ वाजले तरी ऊन होते. जूनमध्ये इथे सूर्य नऊनंतर मावळतो. बरोबर नऊला पश्चिमेकडून धडाम असा आवाज आला आणि काच हलकी थरथरली. स्टॅन्ली पार्कच्या काठावर १८१६ मध्ये ओतलेली एक तोफ आहे. ती रोज रात्री नऊला उडवतात. पूर्वी बंदरातली जहाजे तिच्या आवाजावर आपली घड्याळे जुळवत. दुपारी भोंगा आणि रात्री तोफ असलेल्या या गावात कोणालाही उशीर झाल्याची सबब सांगता येणार नाही, असे ह्यांचे मत पडले.

झोपण्यापूर्वी ह्यांनी एक गोष्ट सांगितली. ती त्यांनी घरूनच वाचून ठेवली होती आणि इथे येईपर्यंत राखून ठेवली होती. आम्ही ज्या इमारतीत होतो तिच्याखाली १९२७ साली सुरू झालेला कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचा जुना 'बी-सी' धक्का आहे. त्या कंपनीची 'एम्प्रेस' नावाची जहाजे व्हँकुव्हरहून चीन-जपानकडे जात. डॉ. नॉर्मन बेथून हे कॅनडाचे शल्यविशारद जानेवारी १९३८ मध्ये 'एम्प्रेस ऑफ एशिया' या जहाजाने व्हँकुव्हरहूनच चीनला निघाले. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता हाताचे बोट कापून त्यांना रक्तदोष झाला आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते वारले. त्याच १९३८ साली मुंबईच्या बंदरातून पाच हिंदी डॉक्टरांचे पथक चीनला निघाले होते आणि त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. बेथून यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले आणि डिसेंबर १९४२ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्यांनीही तिथेच देह ठेवला. भैय्या चौकातल्या त्यांच्या घराचे आता स्मारक झाले आहे, आणि त्याच्यावरून आम्ही स्टेशनला जाताना कितीतरी वेळा गेलो आहोत. एक डॉक्टर या बंदरातून निघाला, दुसरा आमच्या गावचा, आणि दोघांची नावे चीनमधल्या एकाच रुग्णालयाशी जोडली गेली. मी ह्यांना विचारले, हे आधी का नाही सांगितले? ते म्हणाले, हॉटेलचे भाडे वसूल व्हायला हवे होते.

गुरुवार : धक्क्यावरून बोटीवर

पहाटे साडेचारला दोघांनाही टक्क जाग आली. वेळेतल्या फरकाने येणाऱ्या अशा जागेपणावर मी एरवी वैतागले असते, पण त्या दिवशी त्याचा फायदा झाला. सहाच्या पुढे पश्चिमेकडच्या पुलाखालून एक पांढरी इमारत सरकत येताना दिसली. ती आमची बोट होती. आधीच्या फेरीचे प्रवासी घेऊन ती परत येत होती.

एवढे मोठे जहाज धक्क्याला लागताना पाहणे हा आदल्या रात्रीच्या मुक्कामाचा सगळ्यात मोठा लाभ आहे, असे मी निःशंकपणे सांगेन. दुपारी येऊन थेट चढणाऱ्याला जहाज म्हणजे नुसता जिना आणि दरवाजा दिसतो. आम्ही ते इंचाइंचाने बाजूला सरकताना पाहिले. आधी जहाजावरून बारीक दोर फेकले गेले. धक्क्यावरच्या नारिंगी जाकिटे घातलेल्या माणसांनी ते धरून त्यांच्या टोकाला बांधलेले मांडीएवढे जाड दोर ओढून घेतले आणि लोखंडी खुंटांत अडकवले. मग जहाजावरच्या यंत्रांनी ते दोर हळूहळू आवळले आणि जहाज काठाला चिकटले. हे सगळे वरून, बंद काचेआडून पाहत असल्यामुळे आवाज काहीच नव्हता.

त्यानंतर जे झाले त्याने आमच्या ह्यांचा दिवस सार्थकी लागला. धक्क्यावरून जाड केबल उचलून जहाजाच्या पोटातल्या एका उघड्या दारात जोडण्यात आल्या. जहाज बंदरात उभे असतानाही दिवे, स्वयंपाकघरे, शीतकपाटे चालू ठेवायला त्याची इंजिने धूर ओकत राहतात. ते टाळण्यासाठी किनाऱ्यावरून वीज पुरवायची सोय कॅनडा प्लेसला २००९ मध्ये झाली, आणि क्रूझ जहाजांसाठी अशी सोय करणारे ते जगातले तिसरे बंदर ठरले. पहिले होते अलास्कातले जुनो, जिथे आम्ही पुढे जाणारच होतो. या प्रांताची वीज बहुतेक सगळी धरणांवरची, म्हणजे जहाज जोडले की धूर खरोखरच थांबतो. अशी जहाजे साधारण साडेसहा किंवा अकरा हजार व्होल्टवर वीज घेतात. "म्हणजे आपला अकरा केव्हीचा फीडर," हे म्हणाले, आणि मग जोडणी करण्याआधी जहाजाच्या आणि किनाऱ्याच्या विजेचा मेळ कसा घालावा लागतो, तो चुकला तर काय होते आणि बार्शीकडच्या एका उपकेंद्रात काय झाले होते, हे सगळे मी न्याहारीपर्यंत ऐकले.

खाली तोवर माणसांची आणि मालाची उलथापालथ चालू झाली होती. एका दारातून आधीच्या प्रवाशांच्या बॅगा बाहेर येत होत्या आणि दुसऱ्या दारातून फोर्कलिफ्टने कोबी, बटाटे, अंडी, पिठाची पोती, टिश्यू कागदांचे गठ्ठे आत जात होते. एका लाकडी पाटावर नुसते अननस रचलेले होते. हजारो माणसांना आठवडाभर पुरेल एवढा किराणा सकाळी भरायचा, सगळ्या खोल्या झाडून नव्या चादरी घालायच्या आणि दुपारी पुन्हा निघायचे, हा उरक पाहून मला गड्ड्याच्या जत्रेतल्या खानावळी आठवल्या.

चढायची वेळ प्रत्येकाला आधीच ठरवून दिलेली होती. हॉटेलच्या माणसाने खोलीतून बॅगा नेल्या. जहाजाच्या चिठ्ठ्या आम्ही सोलापुरातच छापून बॅगांना लावल्या होत्या. आता त्या थेट बोटीवरच्या खोलीच्या दाराशी भेटणार होत्या. औषधे, कागदपत्रे आणि एक जोडी कपडे मात्र पाठीवरच्या पिशवीत ठेवले. बॅगा खोलीत यायला संध्याकाळ होऊ शकते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

खालच्या दालनात रांगा लांब होत्या पण सरकत्या होत्या. आधी जहाजाच्या लोकांनी पासपोर्ट पाहिले, मग सामानाची क्ष-किरण तपासणी झाली आणि मग एक अशी गोष्ट झाली जिची नवख्या प्रवाशाला कल्पना नसते : कॅनडाच्या भूमीवर, व्हँकुव्हरच्या धक्क्यावर, अमेरिकेच्या अधिकाऱ्यांनी आम्हाला अमेरिकेत प्रवेश दिला. अलास्काला जाणाऱ्या प्रवाशांची ही तपासणी इथेच उरकतात, म्हणजे पुढच्या बंदरांत उतरताना पुन्हा खोळंबा होत नाही. त्यामुळे भारतीय प्रवाशाकडे अमेरिकेचा व्हिसा हवाच आणि बोट परत व्हँकुव्हरलाच येणार असल्याने कॅनडाचा व्हिसाही एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा असलेला बरा. अधिकाऱ्याने बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला, कुठे जाणार आणि किती दिवस एवढेच विचारले. ह्यांनी सराव करून ठेवलेल्या उत्तरांपैकी निम्मी तशीच राहिली.

अमेरिकेच्या अलास्काला जायला लोक कॅनडात येऊन का चढतात, याचे उत्तर एका जुन्या कायद्यात आहे. १८८६ च्या अमेरिकन कायद्यानुसार परदेशी नोंदणीच्या जहाजांना अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरापर्यंत प्रवासी नेता येत नाहीत. मोठ्या क्रूझ बोटींची नोंदणी बहामा, पनामा, नेदरलँड्स अशा देशांत असते, म्हणून सिएटलहून सुटणाऱ्या बोटींना वाटेत कॅनडाच्या एखाद्या बंदराला शिवावेच लागते. व्हँकुव्हरहून निघणाऱ्यांना ती अडचण नसते. अमेरिकन जहाजांच्या धंद्याला संरक्षण द्यायला केलेल्या कायद्यावर शेजाऱ्याच्या गावातली हॉटेले भरतात.

पाचच्या सुमारास दोर सुटले. सगळे प्रवासी वरच्या डेकवर जमले होते. आम्ही आधी आमची खिडकी शोधली, पण एकसारख्या काचांच्या त्या भिंतीत ती ओळखू आली नाही. वीस-एक मिनिटांत लायन्स गेट पूल आला. गिनेस बिअरच्या घराण्याने पलीकडच्या डोंगरावरच्या आपल्या जमिनीला भाव यावा म्हणून बांधवून घेतलेला हा झुलता पूल १९३८ मध्ये खुला झाला. पाण्यापासून त्याची उंची साधारण ६१ मीटर आहे. बोटीचे धुराडे त्याच्याखालून जाईल असे खालून कोणालाच वाटत नव्हते आणि पुलावरून चालणारे लोक वाकून आमच्याकडे बघत हात हलवत होते.

रात्री जेवणाच्या टेबलावर आमच्या शेजारी नाशिकचे एक जोडपे आले. मराठी ऐकून दोघांचेही चेहरे खुलले, तरी वहिनी जरा अवघडलेल्या दिसत होत्या. ते त्याच सकाळी टोरांटोमार्गे व्हँकुव्हरला पोहोचले होते. तिथले जोडविमान पकडायला धावावे लागले. ते स्वतः चढले, पण बॅगा मागे राहिल्या. विमान कंपनीच्या खिडकीशी दोन तास अर्ज भरण्यात गेले आणि बोटीवर चढणाऱ्यांच्या रांगेत ते जवळजवळ शेवटचे होते. अंगावरच्या कपड्यांनिशी ते जेवायला आले होते. आमच्या ह्यांनी हॉटेलचा विषय काढला नाही, याबद्दल मी त्यांना मनातल्या मनात गुण दिले. उलट, रक्तदाबाच्या गोळ्या तरी जवळ आहेत ना, एवढेच विचारले. त्या होत्या. वहिनींना मी माझे दोन पंजाबी ड्रेस खोलीवर नेऊन दिले. नाशिककरांना मात्र ह्यांचा सदरा खांद्यात बसेना, तेव्हा त्यांनी बोटीवरच्या दुकानातून जहाजाचे नाव छातीवर छापलेले दोन टी-शर्ट आणि एक लोकरी टोपी विकत घेतली. बॅगा आता विमानाने जुनोला पाठवतो असे कंपनीने त्यांना कळवले होते, आणि तोवर मधला एक अख्खा दिवस समुद्रातच होता.